दोनदा चापटलं की सोडायचं

प्रिय आप्पा,

तुम्हाला जाऊन तीन वर्षं झाली आणि पत्र लिहायला मी आज बसलेय, कारण सकाळी गोठ्यापुढं जे झालं ते जिवंत माणसाला सांगायची सोय नाही. आईला सांगितलं तर ती लगेच देवऋषी शोधायला निघेल.

सोमवारपासून दादाची लेक राणी न्हावऱ्याहून एकटी एसटीनं शिरूरला कॉलेजला जाणार. स्टँडवरून घरी यायला तीच उसातली वाट. म्हणून तुम्ही मला शिकवलेलं तिला शिकवतेय. मागून गळ्याला हात पडला की हनुवटी त्याच्या कोपराकडं वळवून आत खुपसायची, दोन्ही हातांनी तो हात खाली ओढायचा आणि बूड खाली टाकून बाजूला निघायचं.

पण तुम्ही मला पुरं शिकवलंत कुठं? तुमचा तालमीतला नियम, दोनदा चापटलं की सोडायचं. मी पहिल्या झटक्यालाच चापटायची आणि तुम्ही सोडायचात. "पोरगी हाय, कशाला गुदमरवायचं?" पैलवानांचे असे लाड केले होतेत का कधी?

गेल्या महिन्यात त्या वाटेवर, भर दुपारी, खरंच मागून हात पडला. आणि मी काय केलं? त्या माणसाच्या दंडावर दोनदा चापटलं! अजून लाज वाटते. पण हात सुटला. स्वतःचं मनगट धरून तो कण्हत उसात पळाला. मी वळून पाहिलं तर मागं सोडवणारं कुणीच नव्हतं. पोलिसांत तक्रार दिली, पण सुटले कशी, ते काही सांगता आलं नाही.

आज राणीच्या गळ्याभोवती मी हात सैलच घातला होता. ती स्वतः निघेपर्यंत सोडायचा नाही, असं ठरवून. तिनं हसत दोनदा चापटलं. मी सोडलं नाही. आप्पा, माझा हात कुणीतरी उचलला. गार बोटं, आणि कुस्तीत मोडून वाकडा बसलेला तो अंगठा.

राणी म्हणाली, "सोडलंस व्हय आत्या? सोपं हाय की हे."

मला भीती वाटली, खरं सांगते. तुमची आठवण येऊन रडूही आलं. पण दर वेळी तुम्ही पोचाल का? एखाद्या दिवशी नाही पोचलात, तर ही पोरगी नुसती चापटत राहील.

शब्द देते, सोमवारच्या आत तिला स्वतःहून सुटायला शिकवीन. उद्या सकाळी सराव आहे. तुम्ही या, पण गोठ्याच्या दारातच उभे राहा. तिनं कितीही चापटलं तरी हात लावू नका.

तुमचीच,
सुमी