तलावात सोडलेले ट्राउट

९ ऑक्टोबर १९६१, सकाळ

दोरी पुन्हा शेवाळात. उकंडा भोयाला डोंगा मागे घ्यायला सांगितले. त्याने घेतला, पण मान हलवली. मान हलवण्याचे कारण नाही. इंग्रजी मासिकात स्पष्ट लिहिले आहे : शरद ऋतूत ट्राउट मासा वर येतो. डोंगा संथ चालवावा आणि मागे लांब दोरीवर पिसांची खोटी माशी पाण्यातून ओढत न्यावी. शरद ऋतू आहे. डोंगा उकंडाचा आहे. माशी मी स्वतः बांधली आहे. बाकी काम ट्राउटचे.

गेल्या हिवाळ्यात निलगिरीहून पत्र्याच्या डब्यातून पिल्ले आणवून या तलावात सोडली. बरीचशी पोट वर करून तरंगत होती. प्रवासाचा शीण.

तेव्हापासून तलावात जाळे टाकायला बंदी. भोयांची सगळी जाळी इरिगेशनच्या स्टोअररूममध्ये, किल्ली माझ्याकडे. पहिला ट्राउट सापडला की जाळी परत, असा शब्द दिला आहे. शब्दाचा मी पक्का आहे.

११ ऑक्टोबर

काही नाही. ऊन कडक. पाणी कोमट, आंघोळीला उत्तम.

उकंडा म्हणाला, साहेब, साल होत आलं, लेकरं मिठासंगं भाकर खाऊन राह्यले, एक जाळं तरी सोडा. त्याला समजावले : आजच्या त्यागातून उद्याचा मत्स्योद्योग. तो म्हणाला, उद्या म्हंजे कवा?

वल्हवताना बोलायचे नाही, असा नियम केला.

१४ ऑक्टोबर

माशीला मासा लागला. हातभर मरळ. ट्राउट नव्हे, म्हणून गळ काढून परत पाण्यात सोडला. स्पोर्ट्समनशिप. उकंडा त्या जागेकडे बघत राहिला. वल्हे थांबले, म्हणून रागवावे लागले.

१५ ऑक्टोबर, रविवार

पुढच्या रविवारी एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर साहेब इन्स्पेक्शनला येणार. पूर्वी निलगिरीला होते. जेवणात ट्राउट आहे असे कळवून टाकले. कांता म्हणाली, अहो, आधी सापडू तर द्या. बायकांना प्लॅनिंग समजत नाही.

१८ ऑक्टोबर

उकंडाची बायको भुरीबाई दारात येऊन बसली. म्हणे, जाळे सुताचे हायेत, बंद खोलीत अख्खा पावसाळा काढला त्यायनं, एक डाव उन्हात घालू द्या. म्हटले, अपवाद केला की नियम राहत नाही. ती म्हणाली, मंग तुमचा नियमच घाला उन्हात, बुरशी आली त्याले.

उद्धट बाई. नव्या माश्यांसाठी तिच्या कोंबड्याच्या मानेची पिसे मागितली. दिली नाहीत. घेतली.

२१ ऑक्टोबर, संध्याकाळ

सापडला.

दुपारी जरा डोळा लागला होता. उकंडाने हलवले, साहेब, दोरी वढून राह्यली. ओढली. चांगला वजनदार. मुळीच झुंजला नाही. थंड प्रदेशातला संयम. अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत लाल पट्टा, किंचित वाकडा, पण मासिकातल्या चित्रासारखाच. माझी बोटेसुद्धा लाल झाली.

उकंडाने विचारले, मंग आमचे जाळे? म्हटले, उद्या साहेबांच्या हस्ते देऊ, छोटा समारंभ. त्याने हात जोडले. माणूस मनाने वाईट नाही.

कांताला मासा खवलू दिला नाही. पट्टा साहेबांना दिसला पाहिजे.

२२ ऑक्टोबर, रविवार

रस्सा वाढला आणि साहेबांचा भात लाल झाला. साहेबांनी कांताला विचारले, वहिनी, बोट कापलं का?

मग मासा उलटा करून पाहिला आणि हसत सुटले. म्हणाले, ओव्हरसीअर, हा रोहू आहे, कुणीतरी याला कुंकू लावून सवाष्ण केलाय. ट्राउटला गार वाहतं पाणी लागतं. तुम्ही पिल्लं सोडली नाहीत, उकडलीत. ड्रायव्हरही हसला.

मी खुलासा केला की इथल्या हवामानाने जात बदलली असावी. साहेब म्हणाले, हे कुणाला सांगू नका, यवतमाळला मीच सांगतो.

उकंडाला बोलावून विचारले. लगेच कबूल झाला. भुरीबाईने कुंकू तेलात कालवून दिले होते. म्हणाला, साहेब, तुमाले पट्टा पायजे होता, पट्टा देल्ला. साहेबांनी त्याची पाठ थोपटली. माझी नाही.

गाडीत बसताना साहेब म्हणाले, उद्या सकाळी यांची जाळी देऊन टाका. माझाही निर्णय तोच झाला होता.

२३ ऑक्टोबर, सकाळ

स्टोअररूम उघडली. भोई सगळे आले होते. उकंडाने पहिले जाळे उचलले. मुठीत आले तेवढे हातात राहिले, बाकीचे गळून जमिनीवर. दुसरे तसेच. तिसरे त्याने उचललेच नाही.

नंतर त्याने डोंगा काठावर ओढून पालथा घातला आणि बायकोपोरांना घेऊन पुसदच्या मोटारीत बसला. वल्हवायला दुसरे कोणी तयार होईना. आज पाण्यात जाता आले नाही.