माझ्या नावावरची नोंद

३ मार्च, सोमवार

आजही नाही!

आणि लांबनाक्याचं आलं. वर्गात माझ्या मागच्या बाकावर बसायचा, हाताला आधार द्यायचा स्प्लिंट बनवायच्या परीक्षेत घामाघूम व्हायचा, अर्जही माझ्यानंतर केला — आणि लायसन्स त्याचं आधी! ग्रुपवर फोटो टाकलाय — ‘अखेर अधिकृत ऑक्युपेशनल थेरपिस्ट.’ अभिनंदन लिहिलं मी. दात-ओठ खात.

लायसन्स देणाऱ्या बोर्डाला फोन केला. “प्रक्रियेत आहे, मॅडम.” पदवी दाखवली, देखरेखीखालचे तास भरले, मोठी परीक्षा पास झाले, राज्याच्या नियमांची वेगळी परीक्षा दिली, बोटांचे ठसेसुद्धा देऊन आले. आता राहिलं काय — रक्त?

तात्पुरता परवाना एप्रिलअखेर संपतो. तो वाढवून मिळत नाही. मग पेशंटला हात लावायचा नाही मी, नुसतं लांबून बघायचं.

कुणीतरी अडवलंय. नक्की.

५ मार्च, बुधवार

मोठ्या बाईंवर नजर ठेवून आहे. सेंटरच्या प्रमुख त्या, माझ्यावर देखरेख त्यांची, माझं काम समाधानकारक आहे हे बोर्डाला कळवायचंही त्यांनीच. आज मी खोलीत गेले तर फोनवरचं बोलणं एकदम थांबलं. “नंतर करते,” म्हणाल्या आणि फोन पालथा ठेवला. पालथा का?

फुकटात — बरं, अर्ध्या पगारात — राबणारी मुलगी हातची कोण सोडेल?

कुलूपवाल्या काकांबरोबर तासभर होते. अर्धांगवायूनंतर त्यांचा उजवा हात मुठीतच अडकलाय. आयुष्यभर लोकांची कुलपं उघडली, आता स्वतःच्या दाराला किल्ली लागत नाही. मी टेबलावर एक जुनं कुलूप पक्कं बसवून घेतलंय आणि किल्लीला जाड लाकडी मूठ. आज किल्ली भोकापर्यंत गेली, फिरली मात्र नाही. म्हणाले, “पोरी, एवढा वेळ लावला असता तर गिऱ्हाईक भिंत फोडून आत गेलं असतं!” दोघं हसलो. मोठ्या बाई दारात उभ्या होत्या. हसल्या नाहीत.

८ मार्च, शनिवार

चुलतमामा जेवायला. “काय, ओटीत काम करतेस ना? मग ऑपरेशनं बघायला मिळत असतील!” आई म्हणाली, “नाही हो, ती लोकांना बटणं लावायला शिकवते.” ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर नव्हे, ऑक्युपेशनल थेरपी, हे कितीदा सांगायचं! वहिनी मात्र वाढता वाढता म्हणाली, “परवा तिने एका आजींना एका हाताने वेणी घालायला शिकवलं. सोपं असतं का?”

बोलायला गोड आहे वहिनी. मग मला विचारते कशी — “बोर्डाकडून काही आलं का गं?” रोज विचारते. एवढी काळजी दादालाही नाही.

११ मार्च, मंगळवार

आज कळलं! 

बोर्डातल्या बाईने स्वतः फोन केला. मोठ्या बाईंचं पत्र त्यांना केव्हाच मिळालंय, म्हणे, आणि उत्तम लिहिलंय. (म्हणजे मी उगाच... असो.) अडलंय ते पोलिसांच्या तपासणीत. “तुमच्या नावावर एक नोंद आहे.”

“कसली?”

“दारू पिऊन गाडी चालवल्याची. दोन वर्षांपूर्वीची.”

दारू! मला खोकल्याच्या औषधानेसुद्धा गरगरतं.

तारीख विचारली. त्या दिवसांत मी या शहरातच नव्हते. इंटर्नशिपला होते, हॉस्टेलवर. पण गाडी घरी होती. आणि माझं गाडीचं लायसन्स गाडीतल्या कप्प्यात होतं — मीच ठेवून गेले होते. त्या लायसन्सवरचा फोटो तसा कुणाचाही वाटावा असाच आहे.

कुणीतरी माझं नाव सांगून सुटलंय. गाडी घरची. म्हणजे माणूसही घरचंच.

१२ मार्च, बुधवार

आई गाडी चालवत नाही. दादा बाईचं नाव सांगून कसा सुटेल? राहिली वहिनी आणि ताई.

ताई! तिचा काय संबंध? माझे केस विंचरून मला शाळेत पाठवणारी ताई. आणि तेव्हा बिचारीचं काय चाललं होतं — भावजींनी घराबाहेर काढलं होतं तिला, आमच्याकडेच राहत होती. अजून कोर्टात हेलपाटे घालतेय लेकीच्या, ठमीच्या ताब्यासाठी. पोर आठवड्यातून दोनदा भेटते तिला, तेही भावजींच्या बहिणीच्या देखत.

वहिनी, मग.

आठवलं! तेव्हा सुट्टीला आले होते तर गाडीचा पुढचा भाग चेपलेला. “मागेपुढे करताना खांबाला लागली गं,” वहिनीच म्हणाली होती. कुणी विचारायच्या आत.

१५ मार्च, शनिवार

आज सगळ्यांसमोर सांगितलं. मुद्दामच. जेवताना. प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत.

आईने कपाळावर हात मारला. दादा म्हणाला, “संगणकाची चूक असेल, एकाच नावाची दहा माणसं असतात.” जन्मतारीखही एकच असते का दहा जणांची?

वहिनीने घास खाली ठेवला. उठून पाणी आणायला गेली. तांब्या भरलेला होता टेबलावर!

१८ मार्च, मंगळवार

ताईकडे गेले. मन मोकळं करायला दुसरं कोण आहे? तिची एक खोली, भिंतीवर ठमीची चित्रं. मी बोलत होते, ती तोच कपडा पुन्हा पुन्हा घडी करत होती. खराब झालीय खूप. पुढच्या महिन्यात निकाल आहे, झोप लागत नाही म्हणाली.

“वहिनीच आहे,” मी म्हटलं.

“असा कुणावर आळ घेऊ नये गं.”

“मग कोण?”

ताईने मला जवळ घेतलं. “पोलिसांत नको जाऊस. घरातलं घरात राहू दे. दुसरी नोकरी नाही का बघता येणार?”

ताईचा स्वभावच तसा. स्वतः पडतं घेत आली, मलाही तेच शिकवते. मी नाही घेणार.

२० मार्च, गुरुवार

वहिनी गच्चीवर कपडे वाळत घालत होती, तिथे गाठलं. सरळ विचारलं.

तिने नाही म्हटलं नाही! एवढंच म्हणाली, “थोडी थांबशील?”

“किती?”

“एप्रिलच्या मध्यापर्यंत. मग तुला हवं ते कर.”

म्हणजे माझा परवाना संपत आला की! हिशेब बरोबर आहे बाईसाहेबांचा. वेळ काढायचा, मी बोर्डाच्या दारातून परत फिरायची, आणि मग कोण कशाला उकरून काढतंय?

“तू होतीस का नव्हतीस, एवढं सांग.”

चिमटा लावत राहिली. एकाच कपड्याला तीन चिमटे.

२१ मार्च, शुक्रवार

किल्ली फिरली! कुलूपवाले काका रडले, मग मला म्हणाले, “आता चोरी करायला हरकत नाही.” मोठ्या बाईंनी पाठीवर हात ठेवला माझ्या. “बोर्डाचं काय अडलंय ते मला सांगितलंस तरी चालेल,” म्हणाल्या. सांगितलं सगळं. “नोंद खोटी असेल तर ती खोटी ठरवून घ्यायला हवी. दुसरा रस्ता नाही. पण बरोबर माणसावर बोट ठेव.”

बोट ठेवलेलंच आहे.

२४ मार्च, सोमवार

गेले. पोलिसांत जबाब दिला. मी त्या दिवशी कुठे होते त्याचा हॉस्टेलचा दाखला दिला. ठाण्यातला साहेब चहा ढवळत म्हणाला, “लायसन्सवरचा फोटो कुणी नीट बघितला नसेल. ठसेही घेतलेले दिसत नाहीत. संशय कुणावर?”

आधी दाराकडे बघून घेतलं. मग सांगितलं.

“सख्खी वहिनी?”

“हो.”

त्याने लिहून घेतलं. वहिनीचं नाव लिहिताना स्पेलिंग विचारलं मला. मीच सांगितलं.

२७ मार्च, गुरुवार

वहिनीला बोलावलं होतं. दादा बरोबर गेला. परत आले तेव्हा दादाचा चेहरा राख. वहिनीने कबूल केलं. “मीच होते.” एवढ्या सहज, म्हणे, जणू दूध उतू गेल्याचं कबूल करावं.

बघा! मी म्हणत नव्हते?

आनंद व्हायला हवा होता. भूक मात्र लागली नाही.

१ एप्रिल, मंगळवार

वहिनीची बालवाडीची नोकरी गेली. लहान मुलांबरोबर काम करायचं तर तिथेही पोलिसांची तपासणी लागतेच. तिच्या हातची पोरं रडली, असं आई सांगत होती. माझ्याकडे न बघता.

मी काय करू? मी लावलं का तिला दारू पिऊन गाडी चालवायला?

दादा माझ्याशी बोलत नाही. वहिनी माहेरी गेली. जाताना माझा डबा भरून ठेवला होता ओट्यावर. मी उघडला नाही. असले देखावे मला कळतात.

४ एप्रिल, शुक्रवार

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. वहिनी दारू पीत असे, हे दादाला कसं माहीत नाही? मी दादाला विचारलं. “मलाही हेच कळत नाही,” म्हणाला. आठवड्याभरात पहिल्यांदा बोलला.

लपवत असेल. माणसं काय काय लपवतात.

१६ एप्रिल, बुधवार

आलं!!! लायसन्स आलं! माझ्या नावाचं, शिक्क्यासकट. मोठ्या बाईंनी ते सेंटरच्या भिंतीवर लावायला स्वतः खिळा ठोकला. कुलूपवाले काका त्याच्यासमोर उभे राहून मोठ्याने वाचत होते. आता कुणाची सही नको, कुणाची देखरेख नको.

आईने देवापुढे ठेवायला मागितलं नाही, काही नाही. “बरं झालं,” म्हणाली आणि वहिनीची न्यायची राहिलेली कपड्यांची पिशवी भरत बसली.

ताईचा निकालही आज. ठमी तिला मिळाली! फोनवर हुंदके ऐकू येत होते नुसते. एका दिवसात दोन्ही! आता तरी या घरावरचं मळभ जाईल.

१९ एप्रिल, शनिवार

ताई येऊन गेली. ठमी बाहेर आईजवळ खेळत होती. ताईने दार लोटलं. “त्या दिवशी गाडी मी चालवत होते. कप्प्यातलं तुझं लायसन्स मीच दाखवलं. वहिनी मला ठाण्यातून सोडवायला आली होती. निकाल लागेपर्यंत कुणाला सांगू नकोस, म्हणून मी पाय धरले होते तिचे.”

मी वहिनीला फोन लावला. “ताई आली होती,” म्हटलं. तिलाच कळलं.

“ताईने सांगितलं ना? आता गप्प बस,” म्हणाली. “ठमीसाठी एवढं तरी कर.”