बंद यंत्राची घंटा

ओक रिज वसाहत, मिनेसोटा
जूनचा दुसरा सोमवार

प्रिय भगिनी लव्हॉन हीस थोरल्या बंधूचे सप्रेम आशीर्वाद.

तुझा गुडघा आता जिना चढू देत असेल आणि परसातील रुबार्बची आंबट देठे यंदाही गावभर वाटून संपत नसतील, अशी आशा करतो. तुझ्या मागील पत्रातील भाषेविषयी मी या वेळी मौन पाळणार आहे (शेवटचे वाक्य क्रियापदावाचून तडफडत आहे, एवढेच सुचवितो).

येथील वृत्त असे. एप्रिलमध्ये आमचे कपडे वाळवण्याचे यंत्र खोटे बोलू लागले. कपडे वाळले की त्याने घंटा वाजवावी, असा त्याचा व माझ्या पत्नीचा जुना करार आहे. आर्डिस तळघरात उतरे, तो कपडे ओलेच. "या घरात आवाज फार आणि काम कमी," असे ती म्हणाली (रोख यंत्राकडे असावा). मी यंत्राची वायर काढली आणि वर येऊन कॉफी ओतली. घंटा वाजली.

वीज नसलेल्या यंत्राची घंटा ऐकल्यावर मनुष्याच्या ठायी जे कुतूहल जागते, त्यापुढे रविवारचे प्रवचन फिके समजावे. मी बाहेर गेलो. यंत्राची गरम हवा ज्या नळातून भिंतीबाहेर पडते, त्याच्या तोंडावर एक भोरडी (बाबांच्या, आता तुझ्या, गोठ्याच्या वळचणीला असत, त्याच काळ्या, ठिपक्यांच्या) मान वाकडी करून तीच घंटा गळ्यातून वाजवीत होती, शेवटच्या खरखरीसकट. नळात गवताचे घरटे होते आणि त्याचे अस्तर माझ्या ओळखीचे निघाले, कारण ते आर्डिसच्या निळ्या झग्याचे होते. पक्ष्यांना मऊ बिछाना मिळावा म्हणून यंत्राच्या जाळीवर साठणारा धाग्यांचा भुसा मी मार्चपासून सफरचंदाच्या झाडाला टांगत आलो (चर्चच्या पत्रकातील सल्ला). तो संपल्यावर भोरडीने मूळ पुरवठादार गाठला, यात तिचे काय चुकले, हे मला अद्याप ठरविता आलेले नाही.

लांब दांड्याच्या ब्रशाने मी घरटे ओढून काढले. तिने नवे बांधले. तेही काढले, तिने पुन्हा बांधले, आणि या खेपेस नराने आत ताजी हिरवी पाने नेऊन ठेविली (कशासाठी, हे पाहण्यास मी खुर्ची टाकून बसलो, सुवासासाठी, असा माझा तर्क आहे). अखेर तोंडाला जाळी ठोकण्यास गेलो, तो आतून चिवचिव आली. भोरडीचे घरटे हलविण्यास कायद्याची आडकाठी नाही, हे मी आर्डिसला साधार सांगितले. "कायदा परवानगी देतो, ऑरव्हिल. मी देत नाही," ती म्हणाली. नळ तुंबलेला असता यंत्र चालविणे म्हणजे घराला काडी लावणे. म्हणून यंत्र बंद आहे.

वसाहतीत उघड्यावर कपड्यांची दोरी बांधण्यास मनाई असल्याचे तुला ठाऊक आहेच. मी वसाहतीचा कार्यवाह असताना शेजारच्या विल्मा हॉकिन्सन यांना कठड्यावरील एका टॉवेलबद्दल लेखी समज दिली होती. त्या हल्ली रोज कुंपणाशी येऊन केवळ "ऊन काय सुरेख पडलंय, नाही का, ऑरव्हिल?" असे विचारतात. आमच्या चादरी जेवणाच्या खुर्च्यांवर वाळतात आणि आम्ही उभ्याने जेवतो.

तुझा ज्येष्ठ बंधू,
ऑरव्हिल टँगेन

ता. क. — शनिवारी कपड्यांच्या टोपल्या घेऊन येत आहे. अंगणातील दोरी पुसून ठेवावी. आर्डिसच्या हळवेपणापुढे माझा नाइलाज आहे.

ता. क. — लव्हॉन, मी आर्डिस. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय, म्हणून लिहिते. पिल्लं गेल्या आठवड्यातच उडाली गं. मी जाळी घेऊन गेले, तर हा नळापुढे खुर्ची टाकून बसलेला. म्हणे आत अजून कुणी असेल. घंटा रोज वाजते, पण ती आता पक्षी वाजवत नाहीत. मी खिडकीतून पाहिलं, ओठांचा चंबू करून हाच वाजवतो. शनिवारी त्याला संध्याकाळपर्यंत ठेवून घे, गोठ्यातल्या भोरड्या दाखव. तेवढ्यात विल्माचा नवरा जाळी बसवून देतोय. घाई एवढ्यासाठी, की काल सफरचंदाच्या झाडावरून कुणीतरी ह्याला उत्तर दिलं.