सुट्या पंपाचं चित्र

४ मार्च

ती. स्व. काकांना,
सा. न. वि. वि.

आई बरी आहे, मी बरी आहे आणि बाबांचा हातपंप अजून खोक्यातच आहे. साफ करायला म्हणून बाबांनी तो सुटा केला आणि जोडायच्या आधीच ते गेले, त्याला आता दोन वर्षं होतील. मिस्त्रीला बोलावते म्हटलं की आई खोकं उचलून आत नेते. परक्या माणसाने त्याला पाना लावलेला तिला चालत नाही. तुम्ही सगळे भाग ओळीने दाखवणारं चित्र काढून देणार आणि ते बघून ती स्वतः पंप जोडणार, हे तिने धरूनच ठेवलंय.

गेल्या खेपेला आले तेव्हा तुमचा ड्रॉइंग बोर्ड भिंतीकडे तोंड करून उभा होता. हात थरथरतो म्हणून चित्र अर्ध्यावर सोडलं, असं काकूने स्वयंपाकघरात हळूच सांगितलं. तुमच्याशी मी हवापाण्याच्या गप्पा मारून परत आले. फार वाईट वाटलं, काका.

म्हणून हे पार्सल. यंत्रांच्या माहितीपुस्तकांत चित्रं असतात ना, ती काढायचं सॉफ्टवेअर आमची कंपनी बनवते. काम अचूक व्हावं म्हणून त्यात कुठल्या सोयी हव्यात, हे ठरवायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. साहेबांना सावल्या आणि चकाकी हवी आहे. मला जन्मभर शाईने यंत्रं काढलेल्या माणसाचं मत हवंय. सोबत लॅपटॉप आहे. रागवा, पण वापरून बघा.

लोभ आहेच, या पार्सलमुळे कमी होऊ देऊ नका.

तुमची
खोडरबर

१५ मार्च

चि. खोडरबरास,
अ. उ. आ.

अक्षर काकूचं आहे, बोल माझे. मधेमधे ती स्वतःचं घुसडेल, तिकडे लक्ष देऊ नकोस. (मी काहीही घुसडत नाही. – काकू)

तुझं यंत्र धडधडीत खोटं बोलतं. पन्नास मिलिमीटरचं वर्तुळ मागितलं, काचेवर स्टीलची पट्टी ठेवून मोजलं, तर त्रेसष्ट भरलं! कर्कटक लावून पुन्हा मोजलं, तरी त्रेसष्टच. आमच्या ऑफिसात असं वर्तुळ तपासनीस बाईंच्या टेबलावर गेलं असतं तर निळ्या पेन्सिलीने रंगून परत आलं असतं. त्या बाईंशी पुढे मी लग्न केलं, म्हणजे बघ.

दुसरं. एक रेघ दुसरीच्या मागून जात असेल तर तिने पुढचीच्या अलीकडे थांबायचं आणि पलीकडून पुन्हा निघायचं. तिथे केसभर कोरी जागा सुटली की कोण पुढे, कोण मागे ते बघणाऱ्याला लगेच कळतं. तुझ्या यंत्रात सगळ्या रेघा एकमेकींच्या अंगावर चढतात. शिवाय बाहेरची कड जाड, आतल्या रेघा बारीक, एवढंही त्याला सांगितल्याशिवाय कळत नाही.

आमचा तो लांबलचक हॉल आठवला. उंच स्टुलं, बोटांवर शाई, आणि मान वर करून बघायची चोरी. पण खरं काम रविवारी व्हायचं. दादा जमिनीवर वर्तमानपत्र पसरून यंत्र उघडायचा आणि भाग ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने मांडायचा. मी समोर बसून काढायचो, आणि तू आमचं खोडरबर पळवायचीस. कंपनीत माझ्या चित्रांचं कौतुक व्हायचं, त्यातलं निम्मं दादाचं होतं. आता ती ओळ मांडून द्यायला तो नाही.

आणि तुझा तो माउस माझ्या हातात नाचतो. तेव्हा पंपाचं राहू दे. वहिनीला तूच काहीतरी सांग.

आशीर्वाद आहेतच, ते मोजून घ्यायचे नसतात.

तुझा
काका

२६ मार्च

ती. स्व. काकांना,
सा. न. वि. वि.

तुम्ही काचेवर पट्टी ठेवलीत हे ऑफिसात वाचून दाखवलं आणि आम्ही पोट धरून हसलो. अहो, पडद्यावरचं चित्र जवळ-लांब होतं, त्याचं माप आत वेगळं असतं! पण मग आमच्यातली एक मुलगी म्हणाली, खऱ्या मापाचं चित्र पडद्यावर का दिसू नये? आता त्यासाठी एक बटण आहे. खुशाल पट्टी ठेवा, पन्नासच भरेल.

मागची रेघही आता आपोआप थांबते, किती जागा सोडायची तो आकडा तुम्ही द्यायचा. आणि माउस ठेवून द्या कपाटात. लांबी टाइप करा, कोन टाइप करा, रेघ आधीच्या रेघेच्या टोकापासूनच निघेल. तिथे हाताचा संबंधच नाही.

आईने खोकं उघडून एकेक भाग मोजला, मी फोटो काढले. सगळं सोबत आहे. तिला काहीतरी सांगायचं काम माझ्याच्याने होणार नाही, ते तुम्हीच करा.

लोभ आहेच, त्यात ही जबरदस्तीही जमा धरा.

तुमची
खोडरबर

९ एप्रिल

चि. खोडरबरास,
अ. उ. आ.

हाताचा संबंध नाही म्हणतेस, पण बटण दाबायला बोटच लागतं. ते एकदा ठेवलं की थरथरून दोनदा पडतं. पाचाचे पंचावन्न होतात. काल दादाच्या पंपाला असा नट बसवला की त्यात आख्खा पंप मावला असता. काकू हसली. मीही हसलो, आणि मग झाकण लावून टाकलं.

तुला म्हणून सांगतो, मला भीती वाटते. दुसऱ्या कुणाचा पंप असता तर चुकलो असतो आणि पुन्हा काढला असता. हा चुकला तर दादाला आपण विसरलो असं होईल.

एक विचारतो. बोट लागोपाठ दोनदा पडलं तर यंत्राने एकदाच धरायचं, असं करता येईल? खरोखर पंचावन्न हवे असतील तेव्हा मी मधे थांबेन, मला कुठे गाडी पकडायची आहे! होत नसेल तर तसं कळव, म्हणजे मी वहिनीला लिहितो.

आईला नमस्कार सांग, तुला काय ते ठाऊक आहे.

तुझा
काका

१२ जून

ती. स्व. काकांना,
सा. न. वि. वि.

पोचलं! बोट दोनदा पडलं तरी एकदाच धरायची ती सोय धाडल्यावर तुम्ही एका ओळीनेही काही कळवलं नाहीत, त्यामुळे मी धास्तावले होते. आणि काल एकदम चित्रच हातात.

आईने ते भिंतीला चिकटवलं आणि खोकं घेऊन खाली बसली. मला हात लावू दिला नाही. चामड्याची चकती कुठल्या तोंडाने बसवायची तिथे ती अडली, मग उठून चित्राला नाक लावून बघून आली आणि बरोबर बसवली. संध्याकाळी दांडा मारायला लागली. आधी नुसता खरखराट, मग लाल पाणी, मग स्वच्छ. काका, पाणी आलं. आई पायऱ्यांवर पाय भिजवत बसली आणि खूप दिवसांनी बाबांबद्दल बोलत राहिली, न रडता.

तुम्ही कसं केलंत ते सगळं लिहा. मी वाट बघतेय.

तुमची
खोडरबर

२० जून

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

या खेपेला अक्षरही माझं आणि बोलही माझे. ह्यांना पत्र सांगायला बसा म्हटलं तर नंतर बघू म्हणतात. तुझं पत्र मात्र वाचलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं, आणि मला म्हणाले, तुझं शिवणयंत्र उघड.

माझं चांगलं चालणारं यंत्र गं! पण उघडलं. मी एकेक भाग काढून मांडते आणि हे मोजून टाइप करतात. बोट अजून थरथरतं, ते काही थांबायचं नाही. चुकतं, पुसतात, पुन्हा करतात. आज जेवायला हाका मारून माझा घसा बसला, शेवटी ताट तिथेच नेऊन आपटलं आणि चांगली भांडले. लग्नानंतर कित्येक वर्षं आम्ही याच गोष्टीवरून भांडत होतो. मधली दोन वर्षं हे पहिल्या हाकेला येऊन बसायचे, ते मला सोसवत नव्हतं.

तुझी
काकू