आईचा दोऱ्याचा डबा

निपाणी, सोमवार, संध्याकाळ

कॅमेरा चालू झाला एकदाचा. पण आनंद कसला?

आई हल्ली विसरते, दार उघडून चालू लागते. मी दिवसभर चिकोडीच्या ऑफिसात. म्हणून तिच्या खोलीत कॅमेरा बसवला. पण तिची खोली मागं, राउटर पुढच्या घरात, मधे मोकळं परडं, वायफाय तिथवर पोचेना. मग काल डब्याचा अँटेना केला. तेलाचा डबा फार रुंद, बिस्किटांचा चौकोनी. मापात बसला तो आईचा दोऱ्याचा डबाच, ती विड्या वळून दोऱ्यानं बांधायची तेव्हाचा. आतली रिळं पिशवीत ओतली, डब्याला भोक पाडून तांब्याची तार बसवली, कॅमेऱ्याला जोडला आणि तोंड राउटरकडे केलं.

आज जेवणाच्या सुट्टीत फोन उघडला. चित्र स्वच्छ, आवाजसुद्धा. आई अंथरूण उलटंपालटं करत होती. "माझा डबा कुठं गेला रं देवा?" निघताना पुन्हा बघितलं, तेच. आणि डबा तिच्या डोक्यावरच, खिडकीच्या चौकटीला.

घरी आल्यावर तिला नवा डबा दिला. तिनं हातात फिरवला, बाजूला ठेवला.

"ह्यो माझा न्हाय. तू घेतलास व्हय गं?"

"न्हाय आई."

असं कसं म्हणाले मी? पण डबा काढला, तर उद्या ती बाहेर पडली तरी मला कळणार नाही.

आत्ताही दिसतेय. हुडकतेच आहे. मधे नुसतं परडं, आणि मी इथं बसून फोनवर बघतेय.