बदलीची ऑर्डर आणि तीन रविवार

८ जानेवारी, गुरुवार

बदली झाली. पुणे!

नऊ वर्षं दर एप्रिलला बँकेच्या फॉर्मवर पसंतीची ठिकाणं भरत आलो — पुणे, नाहीतर नाशिक. कलकत्त्यातले सगळेच मराठी अधिकारी भरतात. जेवायच्या आधी हात धुवावेत तसं. मिळत कुणालाच नाही. आणि आता लेक, ऋता, नववीत, तिचं सगळं जग इथे, तेव्हा साहेबलोकांना माझा पुळका आला.

नको असेल तर तीस तारखेच्या आत लेखी कळवायचं. सुचित्राला बोललो नाही अजून. तिची आई कोथरूडला एकटी. कानावर पडायचा अवकाश, बायको खोकी आणायला निघेल. मग संपलंच. आधी ऋताशी बोलतो.

११ जानेवारी, रविवार

ऋताच्या शाळेतली मुलं पुढच्या महिन्यात जुनं शहर बघत फिरणार, आणि वाटाड्या ही. सराव कुणावर? बापावर.

आज बागबाजार, मराठा डिच लेन. "बाबा, इथे खंदक होता. आपल्याला घाबरून खणला. बर्गी, म्हणजे मराठे घोडेस्वार, लुटायला येणार म्हणून! सहा महिने खणला, तीन मैल झाला — आणि आपण आलोच नाही." पुढे बुजवून टाकला म्हणे. आता तिथे वाळत घातलेल्या चादरी, आणि ओट्यावर पेपर वाचणारे एक आजोबा. कुठले तुम्ही, म्हणाले. ऋता बंगालीत म्हणाली, "आम्ही बर्गी." आजोबा खोकला लागेपर्यंत हसले. सरकून आम्हाला जागा दिली. "फार उशीर केलात," म्हणाले.

तिथून देशबंधू पार्क. तळ्यावर धुकं, पलीकडे कुणीतरी गाण्याचा रियाज करत होतं. दिसत नव्हतं कोण. बाकावर बसलो. आता सांगू, म्हटलं. तेवढ्यात पोरीने खांद्यावर डोकं टेकलं. कोवळं ऊन आलं, गेलं, परत आलं. कुठलं गाव, कुठलं साल, काही भानच राहिलं नाही. साडेनऊला उठलो. न सांगताच.

१४ जानेवारी

संक्रांत. सुचित्राने तिळगूळ हातावर ठेवला, "गोड बोल" म्हणाली आणि थांबली. मी वडी खाल्ली.

१८ जानेवारी, रविवार

निघताना सुचित्रा दारात. "आज कुठे?" म्हटलं, हिची प्रॅक्टिस. "बरं."

पार्क स्ट्रीटची जुनी इंग्रज दफनभूमी. बाहेर हॉर्न, आत पाऊल टाकलं की हिरवा अंधार. थडगी माणसापेक्षा कितीतरी उंच, शेवाळलेली. बरेचसे विशी-पंचविशीतले. नोकरीला आले आणि इथलेच झाले बिचारे. ऋता पाठ केलेलं बोलत होती, मग हळूहळू गप्प झाली. खारी पळत होत्या. एका झाडाखाली आम्ही नुसते उभे राहिलो, किती वेळ कोण जाणे. मला इथून जायचं नाहीये. लिहिलं एकदाचं.

ऋतालाही सांगितलं नाही. भित्रा आहे मी. दुसरं काय.

२५ जानेवारी, रविवार

मैदान. एवढं धुकं की फोर्ट विल्यम गायब, व्हिक्टोरिया गायब. बकऱ्या तेवढ्या खऱ्या. ऋता पुढे चालत होती, दिसायची, विरायची. हाक मारली. म्हटलं, पुण्याला जावं लागलं तर?

थांबली. "फॉर्म तू भरला होता?"

हो.

"मग मला का विचारतो?" आणि रडायला लागली. मी पण. भर मैदानात बाप-लेक, बघायला फक्त बकऱ्या. शेवटी म्हटलं, नाही जायचं. नकार कळवतो. तिने नाक पुसलं. "आईला माहितेय?"

सांगतो, म्हटलं. जरा वेळ बघून.

२९ जानेवारी

पत्र दिलं. साहेब म्हणाले, विचार केलाय ना, पुन्हा मिळणार नाही. केलाय, म्हटलं. येताना गाडीत चक्क गुणगुणत होतो.

३० जानेवारी, शुक्रवार

संध्याकाळी सुचित्राला सांगितलं. ऑर्डर, मुदत, कालचं पत्र, सगळं. ती पोळ्या लाटत होती. हात थांबले नाहीत.

"बदल्यांची यादी आठ तारखेलाच फिरली सगळीकडे," म्हणाली. "मराठी मंडळातल्या उषाताईंनी माझ्याकडे पेढे मागितले. म्हटलं, तू सांगशील. दर रविवारी इतका खुशीत घरी यायचास, वाटायचं, आज सांगतोय."

तिने पोळी तव्यावर टाकली.

"आईने आपल्यासाठी मागची खोली रंगवून घेतलीय," म्हणाली. "आता तिला तू फोन कर."