शेकोटीच्या डावीकडचा माणूस

५ मार्च २०१२

‘हॅगथॉर्प’ बंद पडून यंदा पंचवीस वर्षं झाली. टीव्हीवर तशी शेतकऱ्यांची मालिका पुन्हा झाली नाही, होणार नाही. एका भागात एक गाय व्यायची आणि सगळा देश चहा थंड करून बघत बसायचा. आताच्या मालिकांत सोमवारी खून, गुरुवारी आग. शेतात एक मेंढी दिसत नाही. हे शेतकरी खातात काय, राख?

चित्रीकरण आमच्याच गावात, यॉर्कशरमधल्या स्टेनरिगमध्ये व्हायचं. गावाला आत्ता जाग आली आहे. २६ मेला चर्चच्या हॉलमध्ये स्नेहसंमेलन. कमिटीची अध्यक्ष कोण, तर ग्लेनिस हार्डकॅसल. हिने मालिकेत दोन वेळा टपाल वाटलं आणि एकदा ‘पत्र आहे’ म्हणाली. त्या दोन शब्दांवर बाई पंचवीस वर्षं मिरवते आहे.

मी अकरा वर्षं काढली. मालिकेतला ‘तीन मेंढे’ पब, शेकोटीच्या डावीकडे, चपटी टोपी, हातात रिकामा ग्लास. एक भाग चुकवला नाही.

संकल्प : मुख्य भाषण मीच करायचं. विनंती येईलच. तोवर मोठेपणाने गप्प राहायचं.

९ मार्च

विनंती नाही. पोस्टाचा कारभारच तसा.

१४ मार्च

मोठेपणा पुरे झाला. ग्लेनिसकडे गेलो. म्हणाली, हे बघा सिरिल, स्टेजवरच्या टेबलाला दहा खुर्च्या आहेत आणि त्या फक्त मालिकेत बोललेल्यांसाठी. तुम्ही काय, मागे गर्दीत असायचात. तुम्हाला खाली छान जागा देते, खांबाजवळ.

गर्दीत! मी!

विचारलं, दहावी खुर्ची कुणाची? म्हणे अजून रिकामी आहे. आणि टेबलाशेजारी कुंपण घालून ब्रायन स्पेन्सलीचा मेंढा उभा करणार आहेत. ब्रायनच्या बापाचा मेंढा, कर्नल, मालिकेच्या सुरुवातीला टेकडीवर दिसायचा. हा त्याचा पणतू का खापरपणतू. मी म्हटलं, मेंढा कधी बोलला? तर ही बया म्हणते, ओरडायचा की, दर भागात, संगीत संपता संपता.

गाढवाला गुळाची चव काय.

१५ मार्च

रागाने झोप नाही. नीट लिहून ठेवतो, म्हणजे भाषणाला उपयोगी पडेल.

पबमधल्या आम्हा मंडळींना आवाज काढायची बंदी होती. पुढे मुख्य नट बोलणार, मागे आम्ही नुसते ओठ हलवून गप्पा मारणार. यालाच कला म्हणतात. कच्चे लोक ‘बटाटे, गाजर, बटाटे, गाजर’ असं पुटपुटायचे आणि ते लगेच कळायचं. मी तसला थिल्लरपणा केला नाही. समोर हॅरोल्ड बसायचा, त्याच्याशी मी मनातलं, खरंखुरं बोलायचो. म्हणून तो कोपरा जिवंत वाटायचा. हॅरोल्ड बिचारा गेला, नाहीतर साक्षीला उभा केला असता.

काय बोलायचो ते आता आठवत नाही. बहुधा निसर्ग, माणसाचं आयुष्य वगैरे.

२० मार्च

म्युरिएलला वाटतं मी खांबाजवळ बसावं. म्हणते, तिथे गरम पाण्याचा पाइप आहे, तुझ्या गुडघ्याला बरं. पन्नास वर्षांच्या संसारात हिला माझी किंमत कळली नाही. पिकतं तिथे विकत नाही.

तिला दोनशे यॉर्कशर पुडिंगं करायची ऑर्डर मिळाली आहे, त्या तोऱ्यात आहे. आमच्याकडे रविवारच्या जेवणाला हे भट्टीत टम्म फुगलेले मैद्याचे वाटे लागतातच. गावाच्या प्रदर्शनात सात वेळा पहिलं बक्षीस. परीक्षकांना दात नसावेत. चहाचं खातं तिच्या बहिणीकडे, एडनाकडे. एडना हसली की आमच्या कपाटातल्या बश्या वाजतात. आज तीन वेळा वाजल्या.

२ एप्रिल

नामी युक्ती! जिल्ह्याच्या पेपरात जाहिरात दिली : ‘हॅगथॉर्पमधला शेकोटीच्या डावीकडचा माणूस आठवतो का? चाहत्यांनी लिहावं.’ पत्रांचा पाऊस पडेल. म्युरिएलला सांगून एक टोपली रिकामी करून घेतली.

११ एप्रिल

टोपलीत एक पत्र. दृष्टिदोष तपासून देऊ, असं एका चष्मेवाल्याचं.

१६ एप्रिल

टोपली म्युरिएलने कांद्यांसाठी परत नेली.

१९ एप्रिल, दुपारी

आलं! आलं! ब्रॅडफर्डहून मिस विनिफ्रेड होल्ड्सवर्थ लिहितात (सुरेख अक्षर, जुन्या वळणाचं) : ‘प्रिय महोदय, तुम्हाला कशी विसरेन? मालिकेत तुमच्याइतकं कुणी आवडलं नाही. अकरा वर्षांत तुम्ही जे जे बोललात, ते शब्दन्शब्द माझ्या वह्यांत आहे. आमच्या क्लबात दर आठवड्याला त्यावर चर्चा व्हायची.’

शब्दन्शब्द! क्लबात चर्चा!

रसिक असतात जगात. फक्त स्टेनरिगमध्ये नसतात.

२० एप्रिल

पत्र ग्लेनिसच्या नाकासमोर धरलं. तिने दोनदा वाचलं. म्हणाली, पण सिरिल, तुम्ही तर बोलतच नव्हता. म्हटलं, लेखी पुरावा समोर आहे. तुमच्या ‘पत्र आहे’ची वही कुणी ठेवली आहे का? तिने यादीत माझं नाव लिहिलं. दहावी खुर्ची माझी!

वर मीच सुचवलं की मिस होल्ड्सवर्थना बोलवा आणि त्या वह्यांतलं सगळ्यांसमोर वाचायला लावा. ग्लेनिस म्हणाली, आधी काय लिहिलंय ते बघायला नको का? मी म्हटलं, कलेला सेन्सॉर लावता? ओशाळली.

२७ एप्रिल

मिस होल्ड्सवर्थ येणार. लिहितात की सोबत भाची असेल, वाचायचं काम तीच करेल, आणि त्यांच्याशी बोलताना मी कृपया चेहरा त्यांच्याकडे ठेवावा. अगदी खानदानी बाई दिसते. स्वतः वाचत नाही, माणूस ठेवते. आणि शिष्टाचार किती!

म्युरिएलने विचारलं, पण तू बोलायचास तरी काय रे? म्हटलं, ऐकशील तेव्हा कळेल कुणाशी संसार केलास ते.

१२ मे

टोपी सापडली. कसर लागली आहे. भोक मागच्या बाजूला घेतलं की राजबिंडा दिसतो. भाषण एकवीस पानं झालं. कापण्यासारखं काही नाही.

ब्रायन रस्त्यात भेटला. म्हणाला, काय सिरिलभाऊ, आमच्या कर्नलशेजारीच तुमची खुर्ची आहे, वास चालेल ना? दात काढ लेका. २६ तारखेला बघतो.

२६ मे, सकाळी ७

आजचा दिवस माझा. म्युरिएल पहाटेपासून पुडिंगं करते आहे. मधेच येऊन माझी कॉलर तिने नीट केली आणि म्हणाली, छान दिसतोस हं. उशिरा का होईना, कळलं.

२७ मे

काल लिहिता आलं नाही.

हॉल खच्चून भरला होता. मी दहाव्या खुर्चीवर, शेजारी मेंढा. मिस होल्ड्सवर्थ आल्या. ऐंशीच्या आसपास, ठेंगण्या, हसऱ्या. माझा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडेनात. एवढ्या मायेने माझ्याकडे कुणी बघितल्याचं आठवत नाही. मला भरून आलं, हे कबूल करतो.

मग भाचीने माइक घेतला. म्हणाली, मावशीला जन्मापासून ऐकू येत नाही. त्या काळी टीव्हीवर खाली अक्षरं येत नसत. मावशी आणि तिच्या क्लबातली मंडळी ओठ वाचून मालिका बघायची. पुढचे नट सारखे पाठ फिरवायचे, मिशांत बोलायचे, काही लागत नसे. मागचा हा एक माणूस मात्र कायम कॅमेऱ्याकडे तोंड करून, स्वच्छ ओठांनी बोलायचा. त्यामुळे त्यांच्यासाठी मालिकेचा नायक हाच.

टाळ्या पडल्या. मी उभा राहून वाकलो. तिथेच निघून जायला हवं होतं.

भाचीने वही उघडली. ‘नोव्हेंबर १९७७. हॅरोल्ड, काल पुन्हा पुडिंग. म्युरिएलचं पुडिंग काही फुगत नाही बघ, त्याचा बुटाला तळ लावून घ्यावा.’

यॉर्कशरमध्ये माणूस बाईच्या चारित्र्याबद्दल बोलून एक वेळ सुटेल. पुडिंगबद्दल बोलून नाही. हॉलमध्ये दोनशे लोक, प्रत्येकाच्या हातात तेच पुडिंग. कुणी चावेना, कुणी गिळेना.

‘मार्च १९७९. ग्लेनिस तोंड उघडते तेव्हा मला ब्रायनच्या बापाचा मेंढा बरा वाटतो.’

मी हात वर केला. म्हटलं, वेळ कमी आहे, आता माझं भाषण. भाची म्हणाली, थांबा ना, आता तर मुख्य गोष्ट येते. मावशीचा क्लब हिच्यासाठीच दर आठवड्याला जमायचा.

‘मे १९८०. चूक झाली हॅरोल्ड. मी एडनाला मागणी घालायला गेलो होतो. दार म्युरिएलने उघडलं आणि मला परत फिरायचा धीर झाला नाही.’

चहाच्या टेबलामागे काहीतरी फुटलं. एडना पहिल्यांदाच हसत नव्हती.

भाची वाचत राहिली. एडनाचे केस. एडनाचा निळा कोट. एडनाच्या लग्नात मी जेवलो नाही. अकरा वर्षं, आठवड्याला दोनदा. एवढं बोललो मी? खरं सांगतो, मला वाटायचं बिनआवाजाचं बोललेलं कुठे जात नाही. एडना तर केव्हाच डोक्यातून गेली. वीस वर्षांत तिच्याकडे धड बघितलंही नाही. पण हे आज सांगून कोण ऐकणार?

शेवटी मिस होल्ड्सवर्थ स्वतः उठल्या. जाड, अडखळत्या आवाजात म्हणाल्या, मालिका बंद झाली तेव्हा आम्ही सगळ्यांनी सही करून कंपनीला पत्र लिहिलं होतं. उत्तर आलं नाही. म्हणून आता विचारते, त्या एडनाचं पुढे काय झालं हो?

सगळा हॉल एडनाकडे वळला. मग म्युरिएलकडे. म्युरिएलने एप्रन सोडला, त्याची घडी घातली, पुडिंगच्या थाळीवर ठेवली आणि निघून गेली. तेवढ्यात मेंढा ओरडला. सगळ्यात जास्त टाळ्या त्याला.

हात दाखवून अवलक्षण. पण लोकांनाही काही कळायला हवं. हे अभिनयातलं बोलणं होतं.

२८ मे

म्युरिएलला हेच सांगितलं. भूमिका होती ती, म्हटलं. ती म्हणाली, भूमिकेच्या बायकोचं नावही म्युरिएल होतं वाटतं.

१ जून

पेपरात मेंढ्याचा फोटो. कडेला माझं कोपर.

३ जून, रविवार

रविवार असून पुडिंग नाही. टोस्टवर डब्यातले बीन्स. पन्नास वर्षांत असं झालं नव्हतं. पुडिंग फुगायचं, हे लिहून ठेवतो. पहिल्या एकदोन वर्षांनंतर कायम फुगायचं. भूक लागल्यावर माणसाला खरं आठवतं.

९ जून

नवीन प्रकार. म्युरिएल भांडी घासताना माझ्याकडे बघून नुसते ओठ हलवते. आवाज नाही. लांबलचक काहीतरी. मग ओठ मिटून पुन्हा भांडी. काल पाच मिनिटं चाललं. मला एक अक्षर लागलं नाही. दुकानात ग्लेनिससमोरही केलं. दोघी खो खो हसल्या.

संकल्प : माफी मागणार नाही. चूक हॅरोल्डची आहे. तोच विषय काढायचा.

१६ जून

मिस होल्ड्सवर्थ चहाला आल्या होत्या. मला भेटायला नाही. म्युरिएलने बोलावलं होतं, एडनालाही. तिघी खिडकीशी बसल्या आणि आवाज न काढता बोलत होत्या. म्युरिएल भलतीच पटकन शिकली आहे. मधेच तिघी माझ्याकडे वळून बघायच्या आणि बश्या वाजायच्या.

मला कुणी खुर्ची दिली नाही. मी आपला मागे, शेकोटीच्या डावीकडे बसलो. कपात चहा नव्हता. तरी दोनदा तोंडाला लावला. सवय.

मग मिस होल्ड्सवर्थकडे तोंड करून, अगदी स्वच्छ ओठांनी, आवाज न काढता म्हटलं, चुकलो, तिला सांगा. सांगा की त्या दिवशी दार तिने उघडलं तेच बरं झालं.

खरंच म्हटलं. अकरा वर्षांत इतकं चांगलं बोललो नसेन.

मिस होल्ड्सवर्थ केक निवडत होत्या.